मुंगीनं पाणी सांडलं नव्हतं

मित्रांनो, मी एक जुना सिंथेसायझर आहे आणि आधीच सांगून ठेवतो, मी डूख धरणाऱ्यांतला आहे. यंत्राला कुठलं आलंय मन, असं लोक म्हणतात. म्हणू देत. मला राग येतो, तो मी विसरत नाही, आणि संधी मिळाली की पुरतं उट्टं काढतो. तशी संधी मला आयुष्यात एकदाच मिळाली. तीच गोष्ट आज सांगणार आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. कुणी माझ्यात तारा भरल्या, कुणी काळ्या-पांढऱ्या पट्ट्या बसवल्या. प्रत्येक पट्टीच्या मागे प्लॅस्टिकची एक बारीक जीभ असते, तिच्या जोरावर पट्टी खाली जाऊन वर येते. आमच्या खेपेला ते प्लॅस्टिकच कच्चं वापरलं होतं. मला तेव्हा कुठं ठाऊक! मी आपला नवा कोरा, खोक्यात बसून ऐटीत निघालो.

मला विकत घेतलं शिकवणीच्या बाईंनी. पुढच्या खोलीत त्या मुलांना वाजवायला शिकवायच्या. बाई कडक शिस्तीच्या. हात धुवून, कोरडे पुसून मगच मला शिवायचं. पाण्याच्या बाटल्या दाराबाहेर. ज्याचा धडा एकदाही चुकला नाही, त्याला शेवटी बक्षीस म्हणून माझं लाल बटण दाबायला मिळायचं. ते दाबलं की मी कान टवकारून बसतो. पहिला जो आवाज होईल तो टिपतो आणि मग कुठलीही पट्टी दाबा, तोच ऐकवतो. वरच्या पट्ट्यांवर उंदरासारखा, खालच्यांवर रेड्यासारखा. माझ्या पोटात एकच आवाज मावतो. नवा आला की जुना पुसला जातो. मला बंद केलं तरी तो आत शाबूत राहतो.

मुलांत सगळ्यांत लहान होती मुंगी. हळूहळू पण न थांबता शिकायची, म्हणून हे नाव पडलं. तिची बाटली कायम गळकी. पण ती बाटली तिनं एकदाही आत आणली नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. एके दिवशी तिचा धडा न चुकता झाला. तिनं लाल बटण दाबलं, "मी मुंगी!" म्हणाली आणि स्वतःच खुदकन हसली. ते हसू मी जपून ठेवलं होतं.

त्याच सुमारास माझा मधला सा खाली बसला तो वर येईना. मग ग गेला, पाठोपाठ प. बाई मुलांना म्हणाल्या, घाबरू नका, वॉरंटी आहे अजून. मला चादरीत गुंडाळून त्यांनी कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात नेऊन दिलं.

तिथल्या दुरुस्तीवाल्यानं मला उघडलं. तुटलेल्या जिभा बघताक्षणी त्याला दोष कळला, कारण आमच्या खेपेतले कितीतरी भाऊबंद त्याच्या टेबलावर येऊन गेले होते. पण दोष कंपनीचा म्हटलं की पट्ट्या फुकट बदलून द्याव्या लागणार, आणि वरून त्याला बोलणी बसणार. चाचणी म्हणून त्यानं माझी सगळी बटणं भराभर दाबली. त्यात लालही दाबलं गेलं. मी कान टवकारले. नेमका तेव्हाच तो शेजारच्या टेबलावरच्या माणसाला म्हणाला,

"आत पाण्याचा थेंबसुद्धा नाही. तरी पाणी सांडलंय म्हणून लिही. बाई काय उघडून बघणार आहेत?"

माझ्या पोटातलं मुंगीचं हसू पुसलं गेलं आणि तिथं हा येऊन बसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता पाय नाहीत मला, स्टँड आहे, पण आग गेली ती गेलीच.

बाई न्यायला आल्या तेव्हा गडी कसा साळसूद! आत पाणी गेलंय बाई, त्याला वॉरंटी लागू नाही, लहान मुलं येतात ना तुमच्याकडे, असं म्हणाला आणि हात झटकून मोकळा झाला.

घरी आल्यावर बाईंची नजर थेट त्या गळक्या बाटलीवर गेली. सगळ्या मुलांसमोर त्यांनी विचारलं, खरं सांग. मुंगी म्हणाली, "मी नाही सांडलं." पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा तेच सांगितलं. मग खोटं बोलणाऱ्या मुलीला मी शिकवत नाही, असं म्हणून बाईंनी तिला बाहेर काढलं. बाटलीचा पट्टा मुठीत आवळून ती निघून गेली. मला ओरडून सांगायचं होतं, पण कुणाचं बोट लागल्याशिवाय मी मुका. बाईंचाही राग आला मला. परक्या माणसावर विश्वास ठेवला आणि रोज डोळ्यांसमोर असलेल्या पोरीवर नाही!

मला कपाटावर टाकलं. मुलं पुठ्ठ्यावर पट्ट्या आखून बोटं फिरवू लागली. वर मी दातओठ खात बसलो, तेही मधले तीन दात पडलेले असताना. त्या माणसाचा आवाज मात्र मी नीट सांभाळला. जाशील कुठं बेट्या, म्हटलं.

एका संध्याकाळी मुंगीचे बाबा तिला घेऊन आले. शिकवणी सुटल्यापासून पोरगी जेवताना ताटाच्या कडेवर बोटं वाजवत बसायची. त्यांना ते बघवेना. येताना त्यांनी तिला पढवलं होतं, म्हण एकदा सांडलं म्हणून, बाई परत घेतील. नुकसान दाखवायला बाईंनी मला खाली काढलं, वायर लावली. मुंगी खाली मान घालून उभी होती. न केलेला गुन्हा आता ती कबूल करणार, एवढ्यात तिनं हळूच विचारलं,

"आधी एकदा माझा आवाज ऐकू?"

बाईंनी मान हलवली. मुंगीनं वरची पट्टी दाबली आणि दुरुस्तीवाला उंदराच्या आवाजात चिरकला. मुंगी दचकली. तिनं खालची दाबली. तोच आवाज, आता रेड्याचा, शब्द न् शब्द स्पष्ट. बाईंनी स्वतः पट्टी दाबून पुन्हा ऐकलं आणि मटकन खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे दुरुस्ती केंद्रात गेलो. आपापली यंत्रं कवटाळून लोक रांगेत बसले होते. दुरुस्तीवाल्यानं पुन्हा पाण्याचं पुराण लावलं. बाईंनी शांतपणे माझी वायर लावायला सांगितली आणि मुंगीला खूण केली. मग मी गायलो, मित्रांनो! वरून खाली, खालून वर, असा आयुष्यात कधी गायलो नव्हतो. रांगेतले लोक आधी हसले. मग एक आजोबा म्हणाले, "माझ्या रेडिओतही यानं पाणीच काढलं होतं." हसू थांबलं आणि सगळे उठून काउंटरशी आले. त्याचं तोंड उतरलेलं मी पोटभर पाहिलं. आतून मोठे साहेब धावत आले. सगळ्यांदेखत माझ्या पट्ट्या बदलायला लावल्या, त्या त्याच्याच हातांनी. शेवटची बसवताना मी त्याचं बोट असं चिमटलं की तो कळवळला. मला जराही वाईट वाटलं नाही.

पण माझा हिशोब पुरा झाला नव्हता. बाई राहिल्या होत्या.

शिकवणीला सगळी मुलं जमली. त्यांना त्या माणसाची फजिती ऐकायची होती. पण बाईंनी लाल बटणच दाबलं. माझं हत्यार जाणार म्हणून मी चडफडलो. बाई वाकून म्हणाल्या,

"मुंगीनं पाणी सांडलं नव्हतं. मी तिचं ऐकलं नाही. चुकले मी."

मग त्यांनी मुंगीला माझ्यासमोर बसवलं आणि वाजव म्हणाल्या. मुंगीनं एकेक पट्टी वाजवली, एकही सोडली नाही. बाई उंदीर झाल्या, बाई रेडा झाल्या. मुलं पोट धरून लोळली. बाई ताठ बसून शेवटच्या पट्टीपर्यंत ऐकत होत्या, डोळे पुसत.

तो आवाज पुसायचा कधी, ते मुंगीनं ठरवायचं होतं. तिनं कितीतरी दिवस पुसू दिला नाही. तीही डूख धरणारी निघाली. म्हणून तर आमचं जमतं.

मित्रांनो, आम्हाला कोरड्या हातांनी वाजवा, जपा. पण आमचं काही मोडलंच, तर आधी घरातल्या लहानाकडे बोट दाखवू नका. तो नाही म्हणाला, तर त्याचं ऐकून घ्या. तुम्ही नाही ऐकलंत तरी आम्ही ऐकत असतो.