टाकीची उंची

"अगो, तिथनं नको येव! पंपावर पाय पडेल!"

भागोजी ओरडला तशी सगुणा चहाचा ट्रे सांभाळत एका पायावर थांबली. तिने खाली बघितलं. पंप कुठला, लाल कोब्यावर खडूने काढलेला एक चौकोन होता.

"मग काय उडी मारून येव? का मीच पिऊन टाकू दोघांचा चहा?"

"वळसा घाल. सम्पच्या मागनं ये."

सगुणाने स्वतःच्याच घरात वळसा घातला. सकाळपासून बैठकीच्या खोलीत पोवळ्यांची नवी टाकी खडूने आखून पसरली होती, आठ फुटी. तिच्या पोटात, खालच्या कपाटाच्या जागी, पाणी गाळायची दुसरी टाकी, म्हणजे तो सम्प. शेजारी फेस काढणारं यंत्र, आणि पाणी वर चढवायला एक नाही, दोन पंप. भागोजी आयुष्यभर तेलाच्या जहाजांवर पंपमन होता. पंप जोडीनेच लावायचे, बैलांसारखे, एक बसला तर दुसरा ओढतो, हे त्याचं ठरलेलं वाक्य. पाणी थंड ठेवणारं यंत्र बाहेर ओटीवर जायचं होतं. मिऱ्या बंदरावरचा मे महिना माणसांना सोसत नाही, तिथे पोवळ्यांचं काय!

संदेश टेप गुंडाळत खुर्चीवर बसला. मारुती मंदिराकडे त्याचं माशांचं दुकान होतं, आणि काकांइतकं डोकं खाणारं गिऱ्हाईक त्याला दुसरं नव्हतं, हे तो कौतुकाने सांगायचा.

"मऊ पोवळी खाली, सावलीत," भागोजी म्हणाला. "कडक फांदीवाली वर, उजेडात. लाटेचा पंखा दोन्ही बाजूंनी."

"ते झालं. आता कॅल्शियमच्या डोसचं बोला काका. एवढ्या टाकीला तुमची चुन्याची निवळी पुरायची नाय. जेवढं पाणी उडतं तेवढीच निवळी घालता येते. कडक पोवळ्यांनी अंग धरलं की त्यांना कॅल्शियम जास्त लागणार. मग गॅसच्या सिलिंडरवाला रिअ‍ॅक्टर घ्या, नायतर दोन बाटल्यांचं मशीन."

"सिलिंडर नको. तो संपला की धावायचा कोणी? मशीन लाव. दिवसभर थेंब थेंब सोडू दे. निवळी पण ठेवू, वरनं." भागोजीने बशीत चहा ओतला. "आणि बाटल्यांच्या कपाटाला कुलूप लाव."

"कुलूप?"

"घरात मानसा हायत," भागोजी म्हणाला, आणि त्याने सगुणाकडे बघितलं.

संदेशने चटकन भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. सगुणा ट्रे पुसत राहिली. ट्रे कोरडाच होता.

कोपऱ्यात जुनी तीन फुटी टाकी रिकामी उभी होती. काचेवर आतून पांढरा थर, जशी काही आत कुणी भिंत रंगवायला घेऊन अर्धी सोडली असावी. भागोजीने जहाज सोडल्यावर घरात आणलेली ती पहिली वस्तू. तिच्यातली पोवळी मुंबईच्या एका शौकिनाने त्याच्या टाकीत वाढवलेली. भागोजी बोटाएवढ्या फांद्या घेऊन आला होता, पिशवी मांडीवर धरून, तान्हं बाळ घरी आणावं तसा. त्या वर्षी सगुणाने त्याला पहिल्यांदा चुना भिजवताना बघितलं आणि ती हसायलाच लागली. चुना पाण्यात ढवळायचा, खाली बसू द्यायचा, वरचं स्वच्छ पाणी तेवढं घ्यायचं. हेच तर तिने मृणालीला पाजलं होतं, पोरीचे दात येताना.

"मग बरोबर हाय," भागोजी तेव्हा म्हणाला होता. "तुझ्या पोरीची हाडा आणि माझी पोवळी, एकाच पाण्यावर."

मृणाली मोठी झाली तेव्हा तो कुठल्यातरी समुद्रात होता. पोवळी मात्र त्याने डोळ्यांदेखत वाढवली. सगुणाला कधी राग यायचा, कधी वाटायचं, असू दे, उशिरा का होईना, माणसाला कुणालातरी वाढवायला मिळालं.

आणि मग गेल्या महिन्यातली ती सकाळ. भागोजीने बाटलीतून पेला भरून टाकीत निवळीचा डोस घातला, पेपर वाचला, उठला आणि परत घातला. सगुणा भाजी चिरत होती. तिला वाटलं, दुसऱ्या बाटलीतला असेल. मग ती कपडे वाळत घालून आत आली, तर तो तिसऱ्यांदा पेला ओतत होता. शांतपणे, जपून, देवावर दूध घालावं तसा. दुपारपर्यंत पाणी ताकासारखं झालं. सगळ्यावर पांढरी पूड बसली. दोन दिवसांत फांद्यांची कातडी सुटून तरंगायला लागली.

"कोणी घातला? कोणी हात लावला बाटलीला?" भागोजी घरभर ओरडत फिरत होता. त्याचा चेहरा तिला बघवेना.

"मी," सगुणा म्हणाली. "मला वाटला तुमचा राहिलाय."

तो चार दिवस तिच्याशी बोलला नाही. ते तिला चाललं. त्याआधीच चिपळूणच्या डॉक्टरांनी तिला आणि मृणालीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की हे विसरणं आता वाढत जाईल. भागोजीला फक्त म्हणाले, वय झालं काका, चालायचंच. तो खूश होऊन बाहेर आला होता.

दुपारी मृणालीचा ठाण्याहून फोन आला. सगुणा पडवीत जाऊन बोलली.

"आई, अजून संदेशला टाकी नको म्हणून सांगितलं नाहीस? अगं, बाबा वर्षाने टाकी कुठली आणि न्हाणी कुठली हे सांगू शकतील का? मग ते सगळं तुझ्या गळ्यात. त्यात तुझे गुडघे आहेत."

"गुडघे सगळ्यांना असतात."

"विनोद नको करूस. एकदा काच कापली की झालं. तू बोलत नसशील तर मी बोलते त्यांच्याशी. खरं काय ते सांगते."

"तू काय सांगू नको. मी बघते," सगुणा म्हणाली.

संध्याकाळी संदेश निघाला तशी ती त्याच्यामागे कुंपणाच्या गडग्यापर्यंत गेली. वारा सुटला होता, माडाच्या झावळ्या खरखरत होत्या.

"काच कापायला कधी सांगतोस?"

"उद्या सकाळी, काकू."

"नको सांगू. माझा फोन आल्याशिवाय नको."

संदेशने गाडीची किल्ली काढली, परत खिशात घातली. "काकांना काय सांगू?"

"त्यांना काय सांगायचा नाय."

ती आत आली तर भागोजी खडूच्या टाकीत मधोमध मांडी घालून बसला होता.

"थांबवलास त्याला," तो म्हणाला.

सगुणा दाराशीच उभी राहिली.

"त्या दिवशी पेला ओला होता," भागोजी म्हणाला.

"कुठला पेला?"

"डोसचा. मी उचलला तवा ओला होता. ओला म्हणजे कोणीतरी आत्ताच घातलाय. जहाजावर असा कोणी केला असता तर त्याला मी पंपरूमच्या बाहेर काढला असता. मी ओला बघितला, आणि तरी ओतला."

"ओला मीच केलेला."

"तू पेला धुवून पालथा घालतेस. लग्न झाल्यापासून बघतोय. तो उताणा होता."

सगुणाच्या मनात आलं, एवढं आठवतं आणि आधी दोनदा ओतलेलं आठवत नाही, हा कुठला न्याय? ती टाकीच्या कडेने वळसा घालून गेली आणि त्याच्या शेजारी, पण रेघेच्या बाहेर, भिंतीला टेकून बसली.

"चिपळूणचा डॉक्टर काय म्हणाला तो मला सांगू नको," भागोजी म्हणाला. "कपाटाची किल्ली तुझ्याकडं ठेव. मी मागितली तरी देव नको. आरडलो तरी नको."

"तुम्ही आरडल्याशिवाय कधी मागितलाव काय?"

तो हसला. मग खडू घेऊन उठला, गुडघ्यावर हात टेकत. "उभी ऱ्हा. भिंतीला लागून. सरळ गो, कवायतीसारखी. हात खाली सोड."

"कशाला?"

"सोड म्हणतोय ना."

तिने हात सोडला. भागोजीने तिच्या काखेशी भिंतीवर एक रेघ मारली, मग खाली वाकून बोटांच्या टोकाशी दुसरी. दोन्ही रेघांकडे त्याने मान वाकडी करून बघितलं.

"उंच झाली होती टाकी. माझ्या हाताने काढलेली. तळाला तुझा हात पोचला पायजे. दगड पडला, मासा मेला, काढायचा कोणी?" तो थांबला. "खालचा स्टँड पण उतरवू. लांबी तीच ऱ्हावदे. पोवळ्यांना जागा लागते."

सगुणाने हात वर घेतला नाही.

सकाळी ती उठली तेव्हा भागोजी भिंतीसमोर उभा होता.

"अगो, ही रेघ कोणी ओढली? दोन-दोन रेघा!"

सगुणाने त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो थट्टा करत नव्हता.

"मी," ती म्हणाली.

"लहान हायस काय? गेल्या दिवाळीत रंग दिलाय भिंतीला."

"चुकला."

"चुकला म्हणे. पुसून टाक आधी." तो पुटपुटत ओटीवर गेला, थंड पाण्याचं यंत्र कुठे बसवायचं ते बघायला.

सगुणाने फडकं ओलं केलं, घट्ट पिळलं आणि भिंतीपाशी आली. मग दुसऱ्या हाताने तिने संदेशला फोन लावला.

"काच सांग. लांबी तीच. उंची मात्र कमी कर."

"किती ठेवू, काकू?"

"थांब जरा, मोजते."

तिने फोन स्टुलावर ठेवला. फडकं खांद्यावर टाकलं, भिंतीला टेकून सरळ उभी राहिली आणि वरच्या रेघेपासून खालच्या रेघेपर्यंत हात सोडला.