शिरस्त्राणाचा मुक्काम

मी एक शिरस्त्राण बोलतोय. दचकू नका, मी एकही लढाई पाहिलेली नाही. कुंभकोणमच्या राजगोपालने मला पितळेतून घडवलं. त्याचा हात भांड्यांवर बसलेला. चित्र बघून त्याने मला ठोकलं खरं, पण उलटं ठेवलं की मी चक्क पातेलं दिसतो.

मला घडवून घेतलं भारतीबाईंनी. ग्रीकांच्या जुन्या कविता सांगून त्या शाळेत मुलांना शांतता शिकवतात. लढाई संपली की भाल्यांवर कोळी जाळी विणतात, शिरस्त्राणात मधमाश्या घर करतात, असं काहीबाही. माझ्यात कोण राहायला येणार, याची मला भारी उत्सुकता होती.

नवं भांडं रिकामं द्यायचं नाही, म्हणून राजगोपालच्या बायकोने माझ्यात तांदूळ, गूळ घालून वर विड्याची पानं ठेवली. पोचवणाऱ्याचं मात्र घर चुकलं. मी गेलो शेजारी, भारतीबाईंच्या धाकट्या बहिणीकडे, जयश्रीकडे.

आईला शेवटी कुणी सांभाळायचं, यावरून दोघींचं बिनसलं होतं. आई गेली, अबोला राहिला.

जयश्रीला वाटलं, अक्कानेच पाठवलं. तिचे डोळे भरून आले. तांदूळ काढल्यावर तिने मला उलटसुलट पाहिलं, आरशासमोर डोक्यावर घातलं आणि हे अक्काच्या शाळेचं शिरस्त्राण चुकून आपल्याकडे आलंय, हे तिला उमगलं. बिचारी खट्टू झाली. आता मोलकरणीच्या हाती माझी रवानगी, असं मला वाटलं. पण तिने गोड सुरळीपोळ्या केल्या, माझ्यात रचल्या आणि स्वतःच मला घेऊन निघाली.

भारतीबाईंनी दार उघडलं. माझा जीव टांगणीला.

"हें मी पाठविलें नव्हतें," त्या आपल्या घरच्या तंजावरी मराठीत म्हणाल्या.

"ठावें आहे, अक्का. पण भरलेलें पात्र आलें. रिकामें कैसें देऊं?"

भारतीबाईंनी मला दोन्ही हातांत घेतलं. मग म्हणाल्या, "आंत ये. गरम कापी घे." कापी म्हणजे त्यांची कॉफी.

मी खरं तर भारतीबाईंचाच. तरी भरून आलेल्याला उत्तर भरूनच जायला हवं ना? दुसऱ्या दिवशी मी चकलीसारखे कुरकुरीत मुरुकू घेऊन शेजारी गेलो. तिकडून फणसाचे गरे घेऊन परतलो. तेव्हापासून हेच चाललंय.

मुलांनो, तुमच्या बाई रोज "उद्या आणते" म्हणतात, त्यांच्यावर रागावू नका. दोघींपैकी एकीने मला रिकामं परत दिलं, की मी शाळेत येईन. पण मनातलं सांगू? तो दिवस न आलेलाच बरा.