बारावं कुलूप

साबणाच्या त्या कारखान्यात मालकिणीला सगळे तोंडावर बाई म्हणत आणि पाठीमागे नियमबाई. बाईंना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

त्यांचा सर्वांत लाडका नियम मिक्सरचा. हा मिक्सर म्हणजे माणूस उभा मावेल एवढं पोलादी पिंप, आत मनगटाएवढी जाड पाती. साफ करायचं तर आत उतरावं लागे. म्हणून आधी भिंतीवरच्या पेटीतला दांडा खाली ओढून वीज तोडायची, मग प्रत्येकाने त्या दांड्यात आपापलं कुलूप अडकवायचं आणि किल्ली खिशात ठेवायची. काम आटोपलं की ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. शेवटचं कुलूप निघेपर्यंत दांडा वर जाणार नाही, मग मालक येवो की मालकाचा बाप. कामगार अकरा, म्हणून कुलपं अकरा, प्रत्येकावर नंबर रंगवलेला.

त्या दुपारी साफसफाई संपली. अकरा जणांनी आपली कुलपं काढून फळीवर टांगली आणि जेवायला गेले. मिस्त्री मिक्सर चालू करायला पेटीकडे गेला आणि तसाच परत आला.

"बाई, एक कुलूप राहिलंय."

"कोणाचं?"

"तेच तर कळेना. फळीवर अकराच्या अकरा आहेत."

बाईंनी जाऊन पाहिलं. जुनं, झिजून गुळगुळीत झालेलं पितळी कुलूप. नंबर नाही. बोट लावलं तर ओलं, निसरडं. साबणाच्या हातांनी कोणी आत्ताच अडकवल्यासारखं.

"कोणीतरी गंमत केलीय."

"गंमत करायला तुम्ही वेळ देता कुठे, बाई?" मिस्त्री म्हणाला, पण हसला नाही. मग हळूच म्हणाला, "शिट्टीचं असेल."

शिट्टी हा बाबांच्या वेळचा कामगार. काम करताना सारखी शीळ घालायचा, म्हणून ते नाव. एकदा तो आत असताना बाबांनी, आत कोणी नाही असं समजून, दांडा वर केला. शीळ थांबली. हजेरीच्या जुन्या वहीत मात्र त्याच्या नावापुढे बाबांच्या अक्षरात 'काम सोडून गेला' एवढंच होतं. खरं काय ते मिस्त्रीने सांगितलं होतं. त्यानंतर बाईंनी ते पान पुन्हा उघडलं नव्हतं.

पण संध्याकाळी माल न्यायला गाडी यायची होती, आणि कढईतला साबण तासाभरात थिजला असता.

"कटर आणा," बाई म्हणाल्या. "तोवर मी आत बघून घेते."

हाही त्यांचाच नियम होता. कुलूप तोडायची वेळ आली तर आत कोणी नाही याची खात्री मालकाने स्वतः उतरून करायची. मिस्त्री मागच्या शेडकडे गेला. बाई टॉर्च घेऊन शिडीने आत उतरल्या. आपलं कुलूप अडकवावं हे त्यांच्या मनातही आलं नाही, कारण त्यांना कुलूपच नव्हतं. सगळ्यांना मोजणाऱ्या बाई स्वतःला मोजायला विसरल्या होत्या.

आत कोणी नव्हतं. पोटरीला टेकलेलं पातं थंडगार होतं. बाई वळणार, तोच मानेजवळ कोणीतरी हलकी शीळ घातली. अर्धीच ओळ. ती तुटली आणि बाहेरून आवाज आला, खट. मग पुन्हा खट. दांडा वर रेटल्याचा तो आवाज बाईंच्या चांगलाच ओळखीचा होता.

त्या कशा वर चढल्या हे त्यांना पुढे कधीच आठवलं नाही. पेटीपाशी त्यांचा धाकटा भाऊ घामाघूम होऊन उभा होता, दोन्ही हात दांड्यावर.

"ताई? तू आत होतीस?"

"तू काय करतोयस?"

"सगळे जेवायला गेले, म्हटलं तोवर चालू करावं. पण हा वर जाईचना. गंजलाय वाटतं."

"कुलूप असताना जाईल कसा?"

"कुठलं कुलूप?"

बाईंनी पाहिलं. दांड्याचं भोक रिकामं होतं. खाली फरशीवर साबणाच्या पाण्याचे दोन थेंब होते.

भावाचा चेहरा उतरला. "गंज नसावा, ताई," तो म्हणाला. "मी वर रेटत होतो, तेव्हा खालून कोणीतरी ओढून धरलं होतं."

एवढ्यात मिस्त्री कटर घेऊन आला. तिघंही बाहेर आहेत हे बाईंनी नीट पाहिलं आणि दांड्याखाली एक बोट लावलं. तो अलगद वर गेला. आत पाती गरगरू लागली.

माल वेळेवर गेला. मग बाईंनी जुनी वही काढली, बाबांच्या त्या तीन शब्दांवर रेघ मारली आणि शिट्टी कुठे, कसा आणि कोणाच्या हातून गेला ते सविस्तर लिहिलं. तेच पत्रात लिहून त्यांनी कारखाने तपासणाऱ्या साहेबांच्या पत्त्यावर पाठवलं. बाबांचं नाव त्यांनी गाळलं नाही.

"माझ्यासाठी एक कुलूप आणा," त्यांनी मिस्त्रीला सांगितलं.

"त्यावर बारा घालू?"

"नाही. माझं तेरावं."

मिस्त्रीने बारा सोडून पुढच्या खिळ्यावर तेरा रंगवलं. फळीवर बाराचा खिळा तेव्हापासून रिकामा आहे. फक्त मिक्सरमध्ये कोणी उतरलेलं असलं, की तो ओला लागतो.