पहिल्या छपाईचा चेहरा

जुन्या रहस्यकथेचं पान तिरप्या उन्हात धरून कुंदाताई त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवतात, तेव्हा एक बारीक, खरखरीत नाद उमटतो. सुपात तांदूळ निवडताना होतो तसा. छापखान्यातल्या शिशाच्या खिळ्यांच्या दाबानं कागदाच्या मागे उठलेली ती अक्षरं. पुढे त्याच पानांचे फोटो घेऊन पुनर्मुद्रणं निघाली. त्यांत ‘पहिली आवृत्ती’ ही ओळसुद्धा जशीच्या तशी उतरली, पण कागदाची पाठ मात्र गुळगुळीत राहिली. भलेभले संग्राहक त्या ओळीला भुलतात. मीही भुललो आहे, आणि वर मित्रांपुढे मिरवलोही आहे.

नागपुरात सीताबर्डीच्या फुटपाथवर रविवारी जुनी पुस्तकं मांडली जातात, तिथेच कुंदाताईंची नि माझी ओळख झाली. मार्चमधलं सकाळचं ऊन अजून चटका देत नाही, नुसतं ऊब देऊन बाजूला होतं. त्या उन्हात पांढऱ्या केसांच्या, ठेंगण्या, नंदनवन भागातून मेट्रोनं आलेल्या या बाई उकिडव्या बसून एकाच पुस्तकाच्या प्रती उलटसुलट करत असत. विक्रेता वैतागून म्हणाला, ‘‘ताई, स्टोरी तर सेमच हाये ना!’’

‘‘स्टोरी कोन वाचून राहिलं गा? खुनी कोन हाये, मले मालूम हाये,’’ कुंदाताई म्हणाल्या, आणि शोध पुढे चालू.

आम्हा हौशी लोकांना पहिली छपाई हवी असते ती मिरवायला. त्यांना हवी होती आई. वडील स्वस्तातल्या रहस्यकथांची मुखपृष्ठं रंगवत. चित्राखाली त्यांचं नावही छापलं जात नसे. एकदा, याच पुस्तकासाठी, मॉडेल म्हणून त्यांनी बायकोलाच उभं केलं. पुढे कुंदाताईंचं बोट धरण्याचं वय होण्याआधीच ती गेली. घरात तिचा फोटो कधी काढलाच गेला नव्हता, आणि जवळची एकुलती प्रत वाळवीनं खाल्ली. दुसऱ्या छपाईला प्रकाशकानं चित्र बदललं. ‘‘तुही माय पहिल्या छपाईवर हाये,’’ एवढंच वडील सांगून गेले.

पहिली छपाई त्यांना सापडली नाही असं नाही. अंगठ्यानं खूण पटे, शेवटच्या पानावरच्या ‘आगामी’ पुस्तकांची नावं पहिल्या छपाईच्या काळाशी जुळत, आणि तरी हाती निराशाच येई; कारण या प्रती वाचनालयांच्या, आणि वाचनालयं नवं पुस्तक आलं की आधी मुखपृष्ठ फाडून पुठ्ठ्याची बांधणी करत. अशी बिनचेहऱ्याची पुस्तकं त्या पुन्हा हळुवार जागेवर ठेवत. त्या वेळी त्यांच्याकडे बघवत नसे.

गेल्या उन्हाळ्यात महाल भागातल्या एका रद्दीच्या दुकानात आम्ही दोघं होतो. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली त्याच पुस्तकाची एक प्रत त्यांनी उघडली, अंगठा फिरवला, आणि त्या थांबल्या. कुणा पोरानं वडीलधाऱ्यांच्या धाकानं आपली रहस्यकथा अशी झाकून वाचली असणार; त्या अनोळखी चोरट्याचे उपकार कसे फेडावेत? कागद पिवळा, पापडासारखा ठिसूळ. त्यांनी तो कडेकडेनं सोडवायला घेतला. मी पुढे झालो, तर मान हलवूनच त्यांनी मला थोपवलं.

आत एक तरुण स्त्री होती. मागे कुणाची तरी काळी सावली, कपाळावर आलेली बट, विस्फारलेले डोळे, तोंडावर धरलेला हात. आयुष्यभर शोधलेली आई अखेर भेटली, तीही भयानं थिजलेली! डोक्यावर पंखा कुरकुरत होता.

कुंदाताईंनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. मग त्यांनी त्या चित्रातल्या हाताच्या कडेला, गालावर पडलेल्या खळीवर, बोट ठेवलं.

‘‘भेली नाही गा भाऊ,’’ त्या म्हणाल्या, ‘‘हासू दाबून राहिली ते. बाबा समोर होते ना.’’

काळ माणूस नेतो, आणि कधी कधी मागे आठवायलाही काही ठेवत नाही. आपल्या निम्म्या वयाच्या त्या आईसाठी कुंदाताई त्या दुपारी रडल्या; तिच्या आठवणीनं रडणं त्यांना जन्मात पहिल्यांदाच जमत होतं.