मुनी रडत नाही

मुलगी सहसा रडायचीच नाही, म्हणून शेजाऱ्यांनी तिचं नाव मुनी ठेवलं होतं. "किती गुणी बाळ गं," असं जो तो म्हणायचा. दोन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. कुणीही हात पुढे केला की त्याच्याकडे जायची. आईकडेही जायची, पण तशीच, कुणाकडेही जावं तशी.

आई लॉंड्रीत कामाला होती. ओल्या चादरी गरम रोलरमध्ये सरकवायच्या आणि पलीकडून कोरड्या ओढून घड्या घालायच्या. नवरा ट्रक चालवायचा, महिन्यातून दोनदा घरी यायचा. मुनी लॉंड्रीमागच्या पाळणाघरात असायची.

एका संध्याकाळी आंघोळ घालताना आईला मुनीच्या तळहातावर भला मोठा फोड दिसला. पाळणाघर सांभाळणाऱ्या मावशी दुसऱ्या दिवशी कपाळाला हात लावून बसल्या. "अगं, इस्त्रीला हात लागला असणार. पण ही हूं की चूं करत नाही, मला कळणार कसं?"

डॉक्टरांनी मलम लावलं, कान तपासले. ऐकू नीट येत होतं.

"लहानपणी रडली की उचलून कोण घ्यायचं?" त्यांनी विचारलं.

आईनं खाली मान घालून सगळं सांगितलं. बाळंतपणानंतर तिला काय झालं होतं कुणास ठाऊक. ती कूस न बदलता पडून राहायची. बाळाचा टाहो ऐकू यायचा, पण दुसऱ्या कुणाच्या घरातून आल्यासारखा. दूध पाजायची वेळ झाली की शेजारीण यायची, बाटली उशीला टेकवून जायची. हळूहळू टाहो थांबला. तेव्हा आईला हायसं वाटलं होतं. ती बरी झाली तोवर मुलीचा पहिला वाढदिवस होऊन गेला होता.

"रडून कुणी येत नाही, असं तिच्या मनानं घेतलंय," डॉक्टर म्हणाले. "आता तिनं जरा जरी आवाज केला तरी लगेच जायचं. रोज. फरक पडायला वेळ लागेल."

आईनं मावशींनाही ते सांगितलं आणि स्वतः हात धुऊन मागे लागली. कामावरून आली की फरशीवर मुनीसमोर बसायची, बोलायची, गाणी म्हणायची. मुनी तिच्या खांद्यावरून पलीकडे बघायची. एकदा आईनं तिचे दोन्ही दंड धरून गदागदा हलवलं. "बघ ना माझ्याकडे. रड तरी." मग स्वतःच ढसाढसा रडली. मुनी चमचा जमिनीवर आपटत राहिली.

नवरा म्हणाला, "तिचं जाऊ दे, तूच वेडी होशील."

त्यानंतर काही महिन्यांनी मावशींनी काम सोडलं. गुडघे साथ देईनात. निघताना त्या मुनीच्या डोक्यावरून हात फिरवून दाराबाहेर पडल्या आणि मुनीनं भोकाड पसरलं. घड्या टाकून आई धावत आली. मुनी दाराशी लोळत होती. आईनं उचललं तर तिनं आईच्या तोंडावर हात मारला, पाय झाडले. दिवसभर तिच्याजवळ असायच्या त्या मावशी, हे आईला तिथंच कळलं.

ती मुलीला तशीच काखोटीला मारून मावशींच्या मागे पळाली. "मावशी, जाऊ नका. घरी येऊन राहा. पाया पडते."

मावशींचेही डोळे भरले होते. "मी राहिले तर माझीच होईल गं ती. चालेल तुला?"

आईनं मुनीला आणखी घट्ट धरलं. मावशी वळून निघून गेल्या.

तीन दिवस मुनी जेवली नाही. आई हात लावायला गेली की अंग आखडून घ्यायची. चौथ्या दिवशी जेवली आणि पुन्हा गप्प झाली. आईला वाटलं, संपलं सगळं. मग मुकादमाच्या हातापाया पडून तिनं अर्ध्या पाळीचं काम मागून घेतलं. दुपारपासून ती मुलीजवळ असू लागली.

मुनी अजूनही स्वतःहून आईकडे येत नाही. पण परवा उंबऱ्याला अडखळून पडली तेव्हा लगेच उठली नाही. पडल्या पडल्या मान वळवून तिनं मागे पाहिलं, कुणी येतंय का ते. क्षणभरच. तेवढ्यात पोचायचं, एवढंच आईच्या हातात आहे. कधी पोचते, कधी मुनी आधीच उठून चालू लागलेली असते.