शेंदराखाली गाडलेला रेचा

मी एक जुना रेचा आहे. म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचे यंत्र. वलगावच्या वाटेवर एका कडुनिंबाखाली मी उभा असतो आणि येणारेजाणारे मला हात जोडतात. मित्रांनो, तुम्हाला वाटेल, काय याचे भाग्य! थांबा. आधी माझी हकिगत ऐका, मग भाग्य म्हणा.

माझा जन्म विलायतेत झाला. माझा जनक मोठा खटपट्या माणूस. त्याने विहिरीचे पाणी उपसायचा पंप केला, मक्याचे दाणे सोडवायचे यंत्र केले, गंजलेली चाकी सोडवायचा पाना केला आणि प्रत्येकाचे पेटंट घेतले. पेटंट म्हणजे ही युक्ती याचीच, दुसऱ्याने तिची नक्कल करायची नाही, असा सरकारने दिलेला हक्क. माझ्या छातीवरच्या पितळी पट्टीवर तेच कोरले होते. पायाने दाबायची फळी, फळीने फिरणारे चाक, चाकाने फिरणारा चामडे मढवलेला रूळ आणि रुळाला टेकलेली बोथट सुरी, एवढाच माझा संसार. रूळ तंतू ओढून घेतो, सुरी सरकीला अडवते. यात देवाधर्माचे काहीएक नाही हो! नुसती अक्कल आहे, आणि तीही एका माणसाने डोळे फोडून खर्ची घातलेली.

त्या वर्षांत अमेरिकेत लढाई पेटली होती. तिकडचा कापूस अडकला आणि विलायतेतल्या गिरण्यांना एकाएकी वऱ्हाडची आठवण झाली. वलगावचे खुशालराव काळ्या जमिनीचे धनी. त्यांनी मला मुंबईहून आणले. आगगाडी होती तिथवर आगगाडीत आणि पुढे बैलगाडीत. वाटेत माझी हाडे खिळखिळी झाली. सोबत आलेल्या सहदेव मिस्त्रीने मला जोडले आणि जाताना बजावले, "रूळ कोरडा ठेवा. काम झालं की फडक्यानं पुसा. याचं दुसरं काही मागणं नाही."

मला चालवायला मनकर्णा आली. ती गावातलीच, चरकीवर सरकी काढून पोट भरणारी. चरकी हाताने फिरवायची असते. ती वर्षानुवर्षे फिरवून मनकर्णेचा उजवा खांदा कामातून गेला होता. स्वतःची वेणी घालायलाही हात वर जात नसे. तिने माझ्या फळीवर पाय ठेवला, रूळ फिरला, पांढरीशुभ्र रुई बाहेर आली आणि ती ओरडलीच, "अवो भाऊ, हे तं पायानं होऊन राहिलं! माह्या खांद्याले सुट्टी!"

तो हंगाम मी कसा विसरेन? आजूबाजूच्या गावांचे लोक मला पाहायला येत. मनकर्णा रोज संध्याकाळी जुन्या लुगड्याच्या फडक्याने माझा रूळ पुसून ठेवी. हंगाम संपता संपता ती आपली वेणी आपण घालू लागली. ज्याने मला घडवले त्याने हे पाहायला हवे होते.

मग पावसाळा गेला आणि खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारा-अवजारांची पूजा करतात. विळे, कुऱ्हाडी, वखराची पास, कोळपणीचे डवरे धुऊन मांडले. विळ्याला कुंकवाचे एक बोट, कुऱ्हाडीला एक बोट. आणि मला? मी लाडका ना! खुशालरावांनी तेलात शेंदूर कालवला आणि माझ्या रुळाला या टोकापासून त्या टोकापर्यंत फासला. वर नारळाचे पाणी ओतले. चामडे ते सगळे प्याले. मी गुदमरलो, पण यंत्राचे ऐकतो कोण?

नवा कापूस घरात आला तेव्हा मनकर्णेने फडके उचलले.

"काय करून राहिली वं मनकर्णे?" खुशालरावांनी विचारले.

"शेंदूर पुसून राहिली, भाऊ. रुईले लागन ना."

"देवाचा शेंदूर पुसतं? पाप लागन! तसाच चालव."

तिने तसेच चालवले. व्हायचे तेच झाले. रुई निघाली ती लालसर, तेलकट, गोळ्या गोळ्यांची. नेमकी त्याच सुमाराला अमेरिकेतली लढाई संपली होती आणि गिऱ्हाईक चोखंदळ झाले होते. अमरावतीचे अडते भगवंतराव स्वतः माल पाहायला आले. त्यांनी मूठभर रुई उचलली आणि बोटे धोतराला पुसली. "खुशालराव, हे रुई हाय का गुलाल? मले चरकीची रुई द्या. हे नोको."

आता तरी खुशालराव शेंदराचे नाव घेतील, असे मला वाटले. कुठले काय! ते म्हणाले, "यंत्रच खोटं निघालं, भगवंतराव. विलायती माल, दुसरं काय?"

मी खोटा? माझ्या तोंडात शेंदूर कोंबला तुम्ही आणि खोटा मी? अजूनही ते शब्द आठवले की माझे लोखंड तापते.

एकटी मनकर्णा माझ्या बाजूने बोलली. "भाऊ, एक डाव पुसू द्या मले. पाप लागलं तं मले लागू द्या."

"तू चूप राय," खुशालराव म्हणाले. दुसऱ्या दिवशी मनकर्णा पुन्हा चरकीवर बसली आणि मला गाडीत घालून या झाडाखाली आणून टाकले.

बरे, टाकले तर टाकले, निदान विसरावे! तेही नाही. माझ्या पूजेतच काही उणे राहिले, अशी भीती खुशालरावांच्या मनात बसली. ते दर अमावास्येला येऊन शेंदराचा नवा लेप देऊ लागले. त्यांचे पाहून दुसरे देऊ लागले. पितळी पट्टी बुजली, माझ्या जनकाचे नाव बुजले. आत गंज पसरत गेला. इतक्या वर्षांत एकाने थेंबभर तेल आसाला घातले नाही. तेल येते ते शेंदरापुरते आणि दिव्यापुरते.

परवा मनकर्णा आली. मला वाटले, ही तरी फडके आणेल. तिने नारळ आणला होता. माझ्यासमोर वाकून ती म्हणाली, "देवा, माह्या खांद्याची कळ तेवढी जाऊ दे."

अगं बाई! तुझा पाय माझ्या फळीपासून वीतभर दूर आहे. ठेव ना तो! मी आतून किती ओरडलो, पण शेंदराच्या थरातून आवाज निघत नाही. नमस्कारासाठी तिचा उजवा हात वर जाईना, म्हणून तिने डाव्या हातानेच केला.

मित्रांनो, जो तुमच्यासाठी राबतो त्याला हार घालून मोकळे होऊ नका. त्याला पुसा, तेल द्या, तो कुरकुरला तर का कुरकुरतो ते पाहा. आणि कधी या वाटेने आलात तर मला हात जोडू नका. खरवडा तो शेंदूर, रुळाला नवे चामडे मढवा आणि मनकर्णेला बोलावून आणा. लवकर आणा. आता तिचा डावा खांदाही दुखू लागला आहे.