भाजणारीला भाकर नाही

शनिवारी सकाळी बेकरीवाली पीठ मळत होती, तेव्हा दादा आला. दादा म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ, ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा, कारभार बघणाऱ्या वडीलजनांपैकी एक. उद्या चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत सर्वांनी भाकर खाण्याचा विधी होता, आणि त्या मेजावरची भाकर वर्षानुवर्षं हिच्याच भट्टीतली असे.

"भाकर नेहमीसारखी पाठव," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "तू मात्र मागच्या बाकावर बस. तुला प्रभुभोजनातून बंद केलंय. नवऱ्याचं घर सोडलंस ना."

"का सोडलं, ते सांगितलंस त्यांना?"

"आपलेच दात, आपलेच ओठ. मंडळीचं नाव जाईल, बाई."

घ्या! याच दादासमोर तिने बाही वर करून नवऱ्याने दिलेला तापल्या सळईचा डाग दाखवला होता. 'तू निर्धास्त राहा, मी आहे,' म्हणाला होता तो. आणि वडीलजनांच्या बैठकीत? बहीण आपल्या पायांनी निघून आली, एवढंच बोलला. डागाबद्दल चकार शब्द नाही. परक्याने मारलं असतं तर सोसलं असतं. इथे सख्ख्या भावाने केसाने गळा कापला होता.

तरी तिने भाकर भाजली. दादा ऐनवेळी खरं बोलेल, अशी वेडी आशा होती तिला.

रविवारी पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, सगळ्यांना आपापलं मन तपासायला सांगितलं. तिच्या नवऱ्याने पुढच्या बाकावर बसून डोळे मिटून तपासलं आणि ताटातला तुकडा उचलला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! तुकडा हातात धरून थांबायचं, मग सर्वांनी मिळून खायचं, अशी तिथली रीत होती.

ताट घेऊन दादा मागे आला. बहिणीला ओलांडून त्याने ते शेजारी बसलेल्या आईपुढे धरलं.

"आधी तिला दे," आई म्हणाली.

"आई, शिस्त आहे."

"मग मलाही बंद कर. नाहीतर तू काय पाहिलंस ते सांग सगळ्यांना."

दादाने ताट मागे घेतलं. बेकरीवालीची उरलीसुरली आशा तिथेच संपली. ती उठून मेजापाशी गेली आणि तिने बाही कोपरापर्यंत सारली.

"ही भाकर या हाताने मळलीय," ती शांतपणे म्हणाली. "खाण्याआधी हात बघून घ्या."

सगळ्यांनी बघितला. दादाने मान खाली घातली आणि आपला तुकडा तोंडात टाकला.

बाकीचे अजून तुकडा धरून बसले होते. वाचकहो, त्या बाकांवर तुम्हीआम्हीही आहोत. आपण काय करणार?